चादरीची चार टोकं

डबल बेडची चादर एकट्या बाईला नीट घडी घालता येत नाही. खोटं वाटत असेल त्यानं घरी घालून बघावी. एक टोक हनुवटीखाली, दुसरं गुडघ्यांत, आणि उरलेली दोन फरशी पुसत फिरतात. समोर दुसरं माणूस लागतंच. ते माणूस कसं आहे, तुमचं त्याच्याशी पटतं की नाही, हे कुणी विचारत नाही. त्याला दोन हात असले म्हणजे भागतं.

त्या लॉन्ड्रीत सगळ्यात झपाट्यानं हात चालवणारी जोडी होती दोन सख्ख्या जावांची. थोरली आणि धाकटी. दोघी सकाळपासून समोरासमोर उभ्या राहायच्या, चादरीची दोन-दोन टोकं धरायच्या, मागे सरून ताणायच्या, एकाच क्षणी झटका द्यायच्या, मग एकमेकींकडे चालत येऊन बोटाला बोट लावून टोकं जुळवायच्या आणि पुन्हा मागे. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलांच्या चादरी, ढिगाला अंत नाही. वाफेनं समोरचा चेहरासुद्धा कधी कधी धड दिसायचा नाही. आणि हे सगळं चालू असताना त्या एकमेकींशी एक अक्षर बोलत नसत.

अबोल्याचं कारण सांगितलं तर हसाल. हसा. कुकरची शिट्टी.

धाकटीनं एकदा थोरलीचा कुकर नेला. परत केला तेव्हा त्यावर शिट्टी नव्हती. थोरली म्हणाली, "शिट्टी?" धाकटी म्हणाली, "वरच होती." थोरली म्हणाली, "म्हणजे मी गिळली?" धाकटी म्हणाली, "तुमचं काय सांगावं!" एवढंच. दोन घरांत एक भिंत सामाईक, बाहेरचा नळ सामाईक. त्या दिवसापासून दोघी भिंतीशी बोलायला लागल्या. "नळ कुणीतरी तसाच सोडून गेलंय वाटतं," थोरली भिंतीला सांगायची. "ज्यांना दिसतं त्यांनी बंद करावा," भिंत धाकटीच्या आवाजात उत्तर द्यायची. नवरे दोघे सख्खे भाऊ. ते मुकाट्यानं उठून नळ बंद करायचे. नवी शिट्टी आली, कुकर जुना होऊन मोडीत गेला, अबोला मात्र कोऱ्या कापडासारखा ताठच राहिला.

थोरलीला लॉन्ड्रीत सगळे 'कडक' म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं आणि आतून ते आवडतही होतं. लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर शाळेत होता. त्याला डबा तिनंच दिला, चोप तिनंच दिला, कामाला तिनंच लावला आणि त्याच्यासाठी मुलगीही तिनंच पाहिली. तीच ही धाकटी. स्वतःला मूल झालं नाही. त्याचं रडगाणं तिनं कधी गायलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "एक दीर वाढवलाय. तेवढ्यात हौस फिटली."

एकदा सुपरवायझरनं घडीच्या टेबलाजवळची स्टुलं उचलून नेली. बायका बसतात, कामं रेंगाळतात, म्हणे. दुपारी तो केबिनमध्ये आला तर त्याच्या खुर्चीत कडक बसलेली. "हे काय?" "पाय दुखले. तिकडं स्टूल नव्हतं." "उठा." "स्टूल आलं की उठते." संध्याकाळच्या आत स्टुलं परत आली. त्या दिवशी धाकटीची छाती अभिमानानं फुगली होती, पण अबोला असल्यामुळं तिला ते दाखवता आलं नाही. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "काही लोकांना फारच शहाणपण आहे." नवरा समजला, की बायको कौतुक करतेय.

धाकटीला लॉन्ड्रीत आणलं थोरलीनंच. डाग वाचायला शिकवलं तेही तिनंच, कुकरच्या आधीच्या दिवसांत. चहाच्या डागाची कड गडद असते, मधला भाग फिका. गंज जिथं पडतो तिथंच बसतो. रक्ताला थंड पाणी. गरम पाणी घातलंस तर ते कापडाचं होऊन बसेल. आणि पू वाळला की कापडाला तिथं पापडी धरते, बघायच्या आधी ती बोटाला कळते. "डोळे मिटून हात फिरव," थोरली म्हणायची, "हात खोटं बोलत नाही."

मग एका थंडीत चादरीचं एक टोक खाली यायला लागलं.

थोरलीच्या डाव्या हाताचं टोक. आधी थोडंसंच. झटका देताना दोघींचे हात खांद्याच्या वर जायला हवेत, नाहीतर चादरीत चुणी राहते. थोरलीचा उजवा जायचा, डावा मध्येच थांबायचा. चादर तिरकी व्हायची. चादर जुळवायला यायची ती तिरकी, घडी पडायची ती तिरकी, आणि ती पुन्हा उलगडावी लागायची. धाकटीनं पहिले काही दिवस सोडून दिलं. मग तिच्या डोक्यात शिरलं की हा टोमणा आहे. तोंडानं बोलता येत नाही, म्हणून बाई चादरीनं बोलतेय. माझं काम बिघडवतेय, सुपरवायझरनं मला बोलावं म्हणून. बरं, करा. धाकटीनं आपल्या बाजूनं झटका वाढवला. थोरलीचा डावा खांदा त्या झटक्यानं पुढे ओढला जायचा आणि तिचे ओठ मिटायचे. धाकटीला ते दिसायचं. बरं वाटायचं. खरं सांगायचं तर मजा यायची.

थंडी सरली, उन्हाळा आला, टोक आणखी खाली आलं. झटका आणखी वाढला.

याच सुमारास थोरलीनं आपला कामाचा ॲप्रन लॉन्ड्रीत धुवायला टाकणं बंद केलं होतं. सगळ्या बायका टाकायच्या, ती मात्र घरी न्यायची. पण एक दिवस कुणी मोठा माणूस पाहणीला येणार होता, म्हणून सुपरवायझरनं सगळ्यांचे ॲप्रन तिथल्या तिथं उतरवून घेतले. ढीग आला धाकटीच्या टेबलावर. वेगळं करता करता तिच्या हाताला एका ॲप्रनच्या आतल्या बाजूनं पापडी लागली. तिनं वळून बघायच्या आधीच हाताला कळलं.

डावीकडं, छातीच्या जागी. पिवळट, कडेला तपकिरी. थंड पाण्यानं धुतलेला, पुन्हा उमटलेला, पुन्हा धुतलेला. वर्तुळाच्या आत वर्तुळ. हा डाग एकदा पडलेला नव्हता. तो एकाच जागी पुन्हा पुन्हा पडत आला होता. आत खुणेला शिवलेला हिरवा दोरा थोरलीचा होता.

धाकटी ॲप्रन हातात घेऊन उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांपुढं चादरीचं ते खाली आलेलं टोक आलं.

दुपारी चादर ताणली. धाकटीनं झटका दिला नाही. नुसतीच चालत पुढं आली, टोकं जुळवली, आणि थोरलीच्या तोंडाशी तोंड असताना म्हणाली, "डाग कसला आहे?"

थोरलीनं मागं वळून बघितलं. बहुतेक भिंत शोधत असावी. "कुणाशी बोलतेस?"

"तुमच्याशी. इथं दुसरं कोण तडमडलंय?"

"चहाचा आहे."

"चहाचा डाग मला नका शिकवू जाऊबाई. तुम्हीच शिकवलाय."

"मग कळतंय तर विचारतेस कशाला?"

"डावा हात वर करा."

"तू कोण गं मला सांगणारी?"

"करा म्हणते ना वर!"

हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथं अडला. वाफेतसुद्धा थोरलीच्या कपाळावरचा घाम वेगळा दिसत होता. सुपरवायझर केबिनच्या काचेतून बघत होता. "चादर धर," थोरली म्हणाली, "तो बघतोय."

"बघू दे. त्याला दुसरं येतं काय?"

कपडे बदलायच्या खोलीत दार लावून थोरलीनं ब्लाऊजची बटणं काढली. धाकटीनं हात पुढं नेला आणि मागं घेतला. संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, आत ओढलं गेलेलं स्तनाचं टोक, शेजारी ओलसर जखम, आणि खाली दगडासारखी गाठ. काखेत आणखी एक.

"कधीपासून?"

"झाले काही महिने. आधी बोराएवढी होती. दुखत नव्हती. दुखली असती तर बघितलं असतं. न दुखणाऱ्या गाठीला कोण विचारतं?" मग पदराशी खेळत थोरली म्हणाली, "शेकत होते. इस्त्रीच्या रोलरवरून निघालेला गरम टॉवेल ठेवला की बरं वाटायचं."

लॉन्ड्रीतल्या बायका सगळ्यावर हेच औषध करतात. कंबर, गुडघा, मान, पाळी. रोलरचा गरम टॉवेल. कुणाला वेगळं सुचलंच नसतं.

"दादांना सांगितलं?" दादा म्हणजे थोरलीचा नवरा, रात्रपाळीचा वॉचमन, साधा माणूस.

"त्यांना सांगून काय? आधी ते रडणार, मग मी त्यांचे डोळे पुसायचे. मला वेळ आहे का तेवढा?"

"आणि मला?"

थोरलीनं बटणं लावली. "तुला कसं सांगणार? अबोला होता ना."

हे ती अगदी सहज बोलली. अबोला होता ना. जणू बाहेर पाऊस होता ना.

दुसऱ्या दिवशी दोघी हॉस्पिटलात गेल्या. सुपरवायझर म्हणाला, दोघींना एकदम रजा कशी देणार, घरची आजारपणं कामावर आणू नका. धाकटी म्हणाली, "कामावरची घरी नेतो आम्ही, तेव्हा तुम्ही कुठं असता? आमच्या कमरा बघायला येता का?" आणि उत्तराची वाट न बघता निघाली.

डॉक्टर तरुण होता. तपासलं, हात धुतले, आणि थोरलीच्या डोक्यावरून धाकटीला म्हणाला, "यांचे मिस्टर नाही आले? त्यांच्याशी जरा बोलायचं होतं."

"रोग मिस्टरांना झालाय का?"

"तसं नाही, पण पेशंटला एकदम धक्का—"

"पेशंट इथं बसलीय. तिला कान आहेत. तिला सांगा."

थोरली गालातल्या गालात हसली. कित्येक वर्षांत धाकटीनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरचा चेहरा लाल झाला, पण माणूस वाईट नव्हता. खुर्ची ओढून थोरलीसमोर बसला आणि नीट सांगितलं. यंत्रात दाबून छातीचा फोटो काढायचा, सुईनं गाठीचा तुकडा घ्यायचा, सगळ्या अंगाचा स्कॅन करायचा. सगळं झालं, निकाल आले, आणि त्यानं पुन्हा तिच्याच डोळ्यांत बघून सांगितलं. स्तनाचा कॅन्सर आहे. काखेत पोचलाय, पुढं गेल्याचं दिसत नाही. आधी केमो देऊन गाठ लहान करू, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, मग काही वर्षं गोळ्या.

बाहेर आल्यावर थोरली म्हणाली, "सगळ्यांपुढं केवढ्यानं बोलतो. छातीचा म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"छातीत फुफ्फुसंपण असतात जाऊबाई. कुठला ते कळायला नको? तोंड आहे तर नाव घ्यावं."

"तुझं तोंड मला ठाऊक आहे," थोरली म्हणाली.

केमोच्या वॉर्डात ती पहिल्यांदा आडवी झाली तेव्हा सलाईनकडं बघायच्या आधी तिनं चादरीची कड चाचपली. "आपली आहे," ती म्हणाली. "घडीची रेघ बघ. मधोमध. ही आपल्या जोडीची." मग शेजारच्या पलंगाकडं बघून नाक मुरडलं. "ती नाही आपली. ती त्या नव्या पोरींची. घडी बघ, गाईनं चघळल्यासारखी." सिस्टर हसली. सिस्टर चांगली होती; मऊ भात खा, मीठ-सोड्याच्या पाण्यानं चूळ भरत जा, ताप आला तर सकाळची वाट बघू नका, तडक या, असं ती प्रत्येकीला पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगायची. थोरलीनं तिला चादर ताणून खोचायची कशी ते शिकवलं. तिनंही शिकून घेतलं.

ते हसू तेवढंच. पुढं तोंड आलं, पाणीसुद्धा काचेसारखं टोचायला लागलं. उलट्यांनी बरगड्या दुखायच्या. केस आधी उशीवर आले, मग कंगव्यात, मग मोरीच्या जाळीत. एका सकाळी थोरली उंबऱ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "धाकटे, कात्री आण." धाकटीनं केस कापले. थोरलीचा नवरा आतल्या खोलीत कपाटाकडं तोंड करून उभा होता. थोरली ओरडली, "कपाटाला काय सांगताय? इकडं या, कचरा भरा!" तो आला आणि त्यानं केस वर्तमानपत्रात गोळा केले. एकही खाली राहू दिला नाही.

तिसऱ्या केमोनंतर ती उठेना. पुढच्या खेपेच्या दिवशी धाकटी तयार होऊन आली तर थोरली भिंतीकडं तोंड करून पडलेली.

"मी येत नाही."

"बरं. का?"

"पुरे झालं. गाठ मऊ झालीय. हात वर जातोय. बघ." हात खरंच आधीपेक्षा वर गेला. "माणूस मरायच्या आधी एवढं मारायची काय गरज आहे?"

धाकटीनं समजावलं, चिडली, सिस्टरचं नाव सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं. शेवटी ती दारात उभी राहिली.

"ठीक आहे. नका येऊ. पण मग पुन्हा अबोला. आत्तापासून."

थोरलीनं मान वळवली. "धमकी देतेस?"

"धमकी कसली. सवय करून ठेवते. तुम्ही मेलात तर तसाही कायमचाच होणार आहे."

थोरली उठून बसली. मग पाय खाली सोडले, चपला चाचपडल्या. "तोंड आहे की चरखा," ती पुटपुटली. "स्कार्फ दे तो. निळा नको. निळ्यात मी आजारी दिसते."

ऑपरेशन झालं. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या. बगलेतून एक नळी बाहेर आणि तिला बाटली, जखमेचं पाणी जमायला. ती बाटली कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची. थोरलीनं पिशवी स्वतः बेतली, धाकटीनं शिवली. भेटायला आलेल्या बायका डोळे चोरायच्या. मग थोरली पिशवी थोपटून म्हणायची, "पर्स आहे. आत काय आहे विचारू नका." पट्टी पहिल्यांदा उघडली तेव्हा तिनं आरसा मागितला. आरशात बघितलं, आरसा पालथा ठेवला, आणि सबंध दिवस तो तसाच राहिला.

याच ऑपरेशनमधून गेलेली एक बाई हॉस्पिटलात यायची. कापडाचं, आत मऊ भरण असलेलं, ब्लाऊजच्या आत घालायचं एक उशीसारखं तिनं आणून दिलं. थोरलीनं ते उलटंपालटं केलं. "शिवण कच्ची आहे," म्हणाली. ती बाई म्हणाली, "मग तुम्ही चांगलं शिवा की. आम्हाला हवीच आहेत." थोरलीनं पाच-सहा शिवून दिली. त्यांची शिवण आत नेली, टोचू नये म्हणून. बास, तेवढंच. त्यापुढं ती त्या विषयावर बोलली नाही.

हाताला सूज यायची. जड उचलायचं नाही, त्या हाताला सुई टोचून घ्यायची नाही, भिंतीवर बोटांनी चढत चढत हात रोज थोडा वर न्यायचा. थोरलीला भिंत चढणं पटेना. "मी काय पाल आहे?" मग धाकटी घरची एक पातळ चादर घेऊन यायची. दोघी अंगणात समोरासमोर उभ्या राहायच्या. टोक हळूहळू वर यायला लागलं. कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, आणि मग एक दिवस कानाच्या वर. धाकटी झटका द्यायची नाही. थोरली म्हणायची, "दे ना जरासा. चुणी राहतेय." धाकटी म्हणायची, "राहू दे."

कारण धाकटीच्या मनात एक गोष्ट अडकलेली होती, पहिल्या दिवसापासून. ती थोरलीच्या पायांना तेल लावायची, बाटलीतलं पाणी मोजून ओतायची, रेडिएशननं काळी पडलेली कातडी गार कापडानं टिपायची, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता सांगावं. मला दिसत होतं. टोक खाली येताना मला दिसत होतं. मी विचारलं असतं तर? ती तोंड उघडायची आणि बाहेर पडायचं, "पाणी हवंय का?"

थोरली कामावर परतली. जड काम नको म्हणून सुपरवायझरनं तिला नॅपकिन दिले. नॅपकिन! एका हाताची घडी. ती स्टुलावर बसून दिवसभर चौकोन घालायची आणि समोरच्या टेबलावर धाकटी नव्या बाईबरोबर चादरी झटकताना बघायची. "तिरकी येतेय," ती बसल्या जागेवरून ओरडायची. "बोट जुळव, बोट! काय आंधळी आहे का ती?" आवाज तोच होता. बायकांना बरं वाटलं, कडक परत आली म्हणून.

वर्ष गेलं, आणखी थोडं गेलं. मग तिची पाठ दुखायला लागली.

लॉन्ड्रीत पाठ कुणाची दुखत नाही? ज्या बाईची पाठ दुखत नाही ती कामचुकार, असं तिथं मानतात. थोरलीनं रोलरवरचा गरम टॉवेल पाठीला लावला. धाकटीनंच लावून दिला. स्वतःच्या हातानं, दोन टॉवेल, एकावर एक, अनेक दिवस. आणि मग एका सकाळी थोरलीला स्टुलावरून उठता येईना. धाकटीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला आणि तिला कळलं की आपण पुन्हा तेच केलं.

स्कॅनमध्ये मणक्यांत दिसलं, यकृतात दिसलं. डॉक्टरनं याही वेळी थोरलीलाच सांगितलं. आता बरं होण्यासाठी नाही, दुखू नये म्हणून उपचार. मणक्यावर थोडं रेडिएशन, मग दुखण्याचं औषध. थोरलीनं विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, "महिने असतील. फार नाहीत." "बरं," थोरली म्हणाली, एखाद्यानं दुकान बंद व्हायची वेळ सांगावी तसं.

तिला गाडीत बसवून धाकटी परत आत गेली. डॉक्टरच्या दारात उभी राहिली.

"आधी आणलं असतं तर? त्या वेळी. पाच-सहा महिने आधी?"

डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. "नक्की सांगता येत नाही. काही कॅन्सर लहान असतानाच पसरलेले असतात."

"नक्की नको. काय वाटतं ते सांगा."

"संधी जास्त असती," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण तुम्हाला कसं कळणार होतं?"

धाकटी निघून आली. त्या प्रश्नाचं उत्तर तिला देता आलं असतं.

घरी हॉस्पिटलातून सिस्टर यायला लागली. मॉर्फिनचं औषध कसं द्यायचं, दुखायच्या आधी द्यायचं, दुखण्याची वाट बघायची नाही, त्यानं पोट साफ होत नाही म्हणून दुसरं औषध सोबत, कूस कशी बदलायची, तोंड कोरडं पडलं तर ओला बोळा कसा फिरवायचा. धाकटी सगळं शिकली. दोन घरांमधल्या भिंतीला धाकटीच्या नवऱ्यानं दार पाडलं, रात्री हाक ऐकू यावी म्हणून. विटा निघत होत्या तेव्हा थोरली पडल्या पडल्या म्हणाली, "बघा, शिट्टी सापडते का." सगळे हसले. शिट्टी सापडली नाही. ती कधीच सापडली नाही.

एका दुपारी अंथरूण बदलायचं होतं. थोरली कुशीवर, खिडकीकडं तोंड. धाकटीनं धुतलेली चादर आणली. घडी उलगडताना थोरली म्हणाली, "आण इकडं. दोन टोकं दे."

"तुम्ही पडा."

"दे म्हणते ना."

धाकटीनं दोन टोकं तिच्या हातात दिली. हात कसले, काटक्या. उजवा थोडा उचलला, डावा सुजून उशीवरच राहिला. टोक खाली. धाकटी पायथ्याशी उरलेली दोन टोकं धरून उभी राहिली, आणि समोरचं ते खाली आलेलं टोक बघून तिला धरवेना.

"जाऊबाई, मला दिसत होतं."

"काय?"

"तेव्हा. लॉन्ड्रीत. तुमचा हात वर जात नव्हता, ते मला दिसत होतं. मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय. मला चिडवायला. म्हणून मी..." तिनं हातातल्या टोकांकडं बघितलं. "मी जोरानं ओढायचे."

थोरली खिडकीबाहेरच बघत होती. धाकटीला वाटलं औषधाची गुंगी आली. मग ती म्हणाली, "मुद्दामच करत होते."

"काय?"

"आधी आधी जात होता हात. दुखायचा, पण जायचा." ती श्वास घ्यायला थांबली. "मीच खाली धरायचे. म्हटलं, हिला दिसेल. डाग वाचते, हेही वाचेल. विचारेल, काय झालं म्हणून. तू विचारलंस की मला सांगता आलं असतं. मी आधी बोलले असं झालं नसतं."

धाकटीच्या हातातून चादर सुटली.

"मग नंतर खरंच जाईना," थोरली म्हणाली. "तू झटका दिलास की डोळ्यांपुढं काजवे यायचे. मला वाटायचं, हिला कळलंय आणि तरी विचारत नाहीये. इतका राग. शिट्टीचा." तिनं ओठ ओले करायचा प्रयत्न केला. "दोघी मूर्ख."

"जाऊबाई—"

"रडू नको. ते आहेत रडायला." दाराआडून थोरलीचा नवरा खाकरला आणि आत गेला. "चादर उचल. जमिनीला लागली. आता पुन्हा धुवायला टाकशील नाहीतर."

धाकटीनं उचलली. पुन्हा धुवायला टाकली नाही. तीच घातली. थोरलीनं हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "डावीकडं चुणी आहे." धाकटीनं ओढून काढली. थोरली काही बोलली नाही, म्हणजे ठीक असावी.

पुढच्या आठवड्यात ती गेली. सकाळी, औषधाच्या वेळेआधी. फार दुखलं नसावं, असं सिस्टर म्हणाली. सिस्टर खोटं बोलत नसे, म्हणून धाकटीनं ते धरून ठेवलं. तिच्याकडं धरायला दुसरं काही नव्हतं. बाकी जे थोरली सांगून गेली होती ते कुठल्या पाण्यानं निघणारं नव्हतं.

धाकटी अजून त्याच टेबलावर आहे. समोरच्या बायका बदलतात, तिच्याजवळ फार टिकत नाहीत. तिचा हात चांगला आहे, पण डोकं खाते, अशी तक्रार आहे. चादर ताणली की झटका द्यायच्या आधी थांबते आणि प्रत्येक चादरीला, दिवसभर, तेच विचारते, "हात दुखतोय का? काखेत काही लागतंय का? हात लावून बघितलंस का कधी?" पोरी आधी हसतात, मग वैतागतात. एक जण म्हणाली, "मावशी, दुखला तर मीच सांगेन ना!"

"नाही सांगणार," धाकटी म्हणाली. "धर."